अडतीस टक्क्यांचे मामा

डहाणूपासून तलासरीपर्यंत सरळ चालण्याची हौस असलेला माणूस शोधायला निघालात, तर आमच्या मामांच्या वरचढ कोणी सापडायचा नाही. आणि गंमत अशी की त्यांना नेमकं सरळच चालता येत नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, राहतात चिखल्याला. डावा पाय लहानपणीच पोलिओने वाळलेला. दर पावलाला ते डावीकडे असे झुकतात की नवख्या माणसाला वाटावं, खाली काहीतरी पडलंय ते उचलताहेत. पण चुकूनसुद्धा "मामा, पाय दुखतोय का?" असं विचारू नका. "कुठला पाय?" म्हणून तेच उलट विचारतील, आणि तुम्ही खरोखरच विचारात पडाल. बसमध्ये अपंगांसाठी राखीव असलेल्या जागेवर ते जन्मात बसले नाहीत. उलट त्या जागेला टेकून उभे राहतात आणि बसलेल्याची उलटतपासणी घेतात. एकदा बोर्डीच्या बसमध्ये एका धडधाकट गड्याला त्यांनी इतक्या आपुलकीने "काय झालं हो पायाला? कधीपासून? कोणाचं औषध चालू आहे?" असं विचारलं, की तो बिचारा घोलवड यायच्या आधीच उतरून चालायला लागला.

आयुष्यभर त्यांनी एका वाडीत चिकू निवडायचं काम केलं. मांडी घालून बसायचं आणि हाताला येईल तो चिकू नुसता दाबून पिकलेला, अर्धकच्चा आणि दगड अशा तीन ढिगांत टाकायचा. काम सुटलं, पण सवय सुटली नाही. आता माणसं निवडतात. आमच्या लग्नाच्या बोलणीत मला त्यांनी पाच मिनिटं न्याहाळलं आणि बायकोच्या कानात "अर्धकच्चा आहे, पण घरात ठेवलास तर पिकेल," असं सांगितलं. तीस वर्षं झाली, अजून ते मधून मधून माझ्याकडे बघून मान हलवतात. पिकलो की नाही ते सांगत नाहीत.

काम सुटल्यावर दुसरा कोणी देवळात जाऊन बसला असता. मामा सरकारी कचेरीत जाऊन बसले. आसपासच्या पाड्यांवरच्या अपंग, निराधार माणसांचं अनुदान सुरू करून देणं, बंद पडलं तर पुन्हा चालू करून देणं, हा त्यांनी मांडलेला संसार. त्यांचं दप्तर म्हणजे चिकूची पुठ्ठ्याची पेटी. तिला बाजूने वारा खेळायला भोकं आहेत, त्यामुळे कागद दमट होत नाहीत असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स. "पाच कशाला मामा, दोन मागितल्यात," म्हटलं की, "एक ते हरवतील, एक मी हरवेन, दोन लागतील, आणि एक तुमच्यासारख्या शहाण्याला दाखवायला." कागद आणायला स्कूटर माझी, पेट्रोल माझं आणि मागे बसून "जावईबापू, डावीकडे... अहो डावीकडे!" हे ओरडणं त्यांचं. मी नोकरीतून निवृत्त झालो हे त्यांच्या इतकं पथ्यावर पडलं की माझ्या निरोपसमारंभाला टाळ्या सगळ्यांत जोरात त्यांनीच वाजवल्या.

आणि एवढं सगळं करणाऱ्या या माणसाला स्वतःला छदाम मिळत नाही! अनुदानाला निदान चाळीस टक्के अपंगत्व लागतं, आणि मामांच्या जुन्या दाखल्यावर आहेत अडतीस. तो पाय बघितला तर आंधळासुद्धा साठ देईल. मी वैतागून कितीदा म्हटलं, पुन्हा तपासून घ्या. "दोन टक्क्यांसाठी कोण भांडत बसणार," म्हणून विषय संपवायचे. दुसऱ्याच्या अर्ध्या टक्क्यासाठी मात्र हा माणूस कचेरीच्या पायरीवर डबा घेऊन दुपारभर बसायचा.

तर झरीच्या अलीकडच्या एका पाड्यावरच्या लखमीबाईची गोष्ट. वाडीवर मजूर नेणारा टेम्पो उलटला त्यात तिचा खुबा मोडला आणि पाय आखूड झाला. घरात भिंतीला धरून आणि बाहेर काठीवर, एवढीच तिची चाल. नवरा मागेच गेला, आणि मुलगी सकाळी कंपनीत जाते ती दिवे लागताना येते. अनुदान येत होतं ते गेल्या जूनपासून एकाएकी बंद. आम्ही गेलो तोवर मे उजाडला होता. लखमीबाईला हवं होतं एकच: पावसाआधी घराला लागून संडास, खुर्चीसारखं बसता येईल असा. पावसाळ्यात टेकाड उतरून बाहेर जायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. आदल्या वर्षी घसरून ती तासभर चिखलात पडून होती. "मुलगी येय तवर वरडत रायलू," ती सांगत होती, आणि वर हसत होती. मला काही हसता आलं नाही.

अनुदान बंद का पडलं ते कचेरीतल्या कागदावर निघालं. वर्षाच्या तपासणीला कोणी साहेब तिच्या घरी गेले होते, आणि त्यांनी लिहिलं होतं, 'लाभार्थी घरात आधाराविना चालताना दिसली. आम्हांस पाणी आणून दिले.'

मामांनी ते तीनदा वाचलं. मग आम्ही तडक लखमीबाईकडे.

"काय हो, साहेब आले तेव्हा तुम्ही उठलात?"

"मंग? पाव्हना दारात आला, पानी नाय द्यायचा?"

"आणि काठी?"

"काठी खाटंखाली सारली. पाव्हन्यासमोर काठी टेकीत जायचा, बरा दिसंल का? दातओठ खाल्लं न गेलू चार पावलां. मंग आठ दिस उठलू नाय."

मला वाटलं, आता मामा कडाडणार. ते कडाडलेही, "अहो, मग उठलात कशाला!" असं. पण आवाज मध्येच बसला. परत येताना स्कूटरवर मागून "डावीकडे" नाही की काही नाही. मला चुकल्यासारखं झालं. बोर्डीच्या सुरूंपाशी आलो तेव्हा मागून हळूच आवाज आला, "जावईबापू, त्या अडतीस टक्क्यांचं सांगू का? डॉक्टर म्हणाला, दारापासून टेबलापर्यंत चालून दाखवा. खोलीत माणसं होती, एक ओळखीची बाई होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो. चाललो सरळ. दहा पावलं. डॉक्टर म्हणाला, वा!" मी आरशात बघितलं, तर हा माणूस त्या 'वा'वर अजून खूश होता.

आता खरी लढाई. कचेरीतला कारकून स्वभावाने चांगला, मामांच्या भाषेत अर्धकच्चा. तो म्हणाला, "काका, नवा अर्ज भरा. दोन महिन्यांत मंजूर करून देतो." मला तर ते एकदम पटलं. पण मामा खुर्चीतून उठले आणि त्यांनी पिशवीतून एकेक करून अकरा चिकू टेबलावर मांडले. "हा जून. हा जुलै. हा ऑगस्ट..." असं करत एप्रिलपर्यंत आले. "नवा अर्ज केला की मंजूर होईल त्या महिन्यापासून पैसे. म्हणजे बाई आज जन्मली. मग हे अकरा महिने तिने काय केलं? पोटात होती?" असं म्हणून त्यांनी अकराही चिकू हाताने बाजूला सारले. मग परत पुढे ओढले. "जुनीच केस पुन्हा चालू केली, तर बंद झाली त्या महिन्यापासूनचा फरक द्यावा लागतो. तिचा दाखला कायमचा आहे, डॉक्टरने दिलेला. टक्के डॉक्टर ठरवतो, साहेब. पाण्याचा लोटा ठरवत नाही."

कारकून डोकं खाजवत फाइल शोधायला आत गेला. मामा त्याच्या मागोमाग गेले, त्यांच्या मागे मी. परत आलो तर टेबलावर दहाच चिकू. दाराशी शिपाई तोंड पुसत उभा.

"अरे, ऑगस्ट खाल्लास!" मामा ओरडले. कचेरीत हशा पिकला, कारकूनही हसला, आणि हसता हसता त्याने जुनी केस पुन्हा तपासणीला पाठवायचा शेरा मारला. म्हणजे पुन्हा कोणीतरी साहेब घरी येणार, आणि या खेपेला लखमीबाईने बसून राहायचं.

तुम्हाला वाटेल, बसून राहण्यात काय अवघड आहे? आम्ही तीनदा तालीम घेतली. मी साहेब व्हायचो, दारात यायचो, आणि लखमीबाई टुणकन अर्धी उठायची. मामा "बेसो, बेसो!" करून ओरडायचे; रागावले की त्यांना आमच्या सीमेवरची गुजराती आठवते. "नाटक करायचं नाही, लखमीबाई. रोज असता तशाच असा. काठी हातात ठेवा. फक्त उठायचं नाही." ती मान डोलवायची, मी पुन्हा दारात यायचो आणि ती पुन्हा उठायची. शेवटी मी कंटाळून म्हटलं, मला एकदा पाणी देऊनच टाका, म्हणजे फिटेल.

तपासणीला आल्या एक मॅडम. वय कोवळं, कपाळावर घाम, भर मेच्या उन्हात पाडा चढून आलेल्या. लखमीबाई खाटेवर बसून. दोन्ही हातांनी खाटेचा दांडा असा धरलेला की बोटं पांढरी पडली. मॅडमनी नाव विचारलं, तिने सांगितलं. दाखला मागितला, तो मामांनी पाच प्रतींत दिला. मॅडमनी पदराने मान पुसली मात्र, लखमीबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मामा," ती कळवळून म्हणाली, "मला बसवलां तं बसवलां. पन तुमी तरी उठा! बाय तहानेली हाय नं!"

मामा उठले. घाईत सरळ चालायचं विसरले. लोटा घेऊन, दर पावलाला डावीकडे झुकत, निम्मं पाणी सांडत ते मॅडमपर्यंत आले. मॅडमनी पाणी घेतलं, पाय बघितला आणि सहज विचारलं, "काका, तुमचं अनुदान चालू आहे ना?"

"मला काय झालंय?" मामा म्हणाले.

मॅडमचा अहवाल चांगला गेला आणि पाऊस पडायच्या आत लखमीबाईचा फरक खात्यात आला. दहा महिन्यांचा! एक महिना का गळला ते कोणालाच सांगता येईना. मामांनी मात्र शिपायाकडे एकदाच असं बघितलं की तो बिचारा चहा आणायला निघून गेला. त्या एका महिन्यासाठी मामांचे अर्ज अजून चालू आहेत. त्या पैशातून संडास झाला. घराला लागून, पक्का, खुर्चीचा, भिंतीला धरायला दांडा. पहिल्या पावसात लखमीबाईने तिथूनच मुलीला हाक मारून सांगितलं म्हणे, कोरडी हाय गं मी!

मॅडमचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मी हट्टाने मामांना डहाणूच्या तपासणी शिबिराला नेलं. रस्ताभर बजावत होतो, मामा, जसे चालता तसे चाला. "हो हो," म्हणाले. सकाळीच शर्टाला इस्त्री केली होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं. अर्ध्या तासाने कागद नाचवत बाहेर आले. "छत्तीस! जावईबापू, दोन टक्क्यांनी सुधारलो!" मला इतका राग आला, इतका राग आला, आणि हसू पण आलं. तीन दिवस पाय सुजून होता. शेकायला मिठाची पुरचुंडी धरून मी बसलो, तर ते म्हणतात कसे, "डॉक्टर या खेपेला 'वा' म्हणाला नाही. हल्लीचे डॉक्टर..."

परवा लखमीबाईकडे संडास बघायला गेलो. मामा खाटेवर टेकले तोच ती उठायला लागली. मामा ओरडले, "बेसो, बेसो!"

"सायबाला बसलू ना मी? तुमाला नाय बसायची," ती म्हणाली. काठी खाटेखाली सारली आणि भिंत धरून लोटा भरायला निघाली. ती लोटा घेऊन येतेय हे बघून मामाही उठले. इस्त्रीचा शर्ट सारखा केला आणि अगदी सरळ, एकेक पाऊल मोजत, तिच्याकडे निघाले. खोली केवढीशी ती. मध्यावर दोघं भेटली तेव्हा लोट्यात पाणी अर्धंच उरलं होतं. मामा ते उभ्याउभ्याच प्याले, आणि ती उभ्याउभ्याच बघत राहिली. मी स्कूटरची किल्ली हातात धरून दारात थांबलो होतो. बसा म्हणायचा धीर मला काही झाला नाही.