तुऱ्याचे नाव

नारायण गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेढ्याजवळच्या देवराईत, त्याच्याच कामासाठी, एका कुजलेल्या ओंडक्यापाशी उभा होतो. "भावजी, संपलं," एवढेच सुमतीवहिनी बोलल्या...

माझा मित्र नारायण सांगलीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवी. मी साताऱ्यात वकिली केली. त्याचा जीव स्लाइम मोल्डमध्ये. ती ना वनस्पती, ना प्राणी, ना बुरशी. ओल्या लाकडावर सायीसारखी सरकते आणि एके दिवशी थांबून देठांचा तुरा उभारते. त्यातल्या दोन प्रजाती इतक्या जवळच्या, की दोघींचे तुरे तपकिरी, देठ काळे. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एकीच्या बीजाणूंवर जाळी दिसते, दुसरीचे जवळजवळ गुळगुळीत. दिसायला सारख्या तर दावा कसला, असे मी डिवचले की तो म्हणे, "जुळ्या भावांतल्या एकानं खून केला, तर दुसऱ्याला फाशी देशील का रं गड्या?"

जाळीची प्रजाती त्याला या राईत मिळाली होती. दुसरीही येथेच असावी, हा त्याचा संशय कुणी मानला नाही. अंथरुणाला खिळल्यावर त्याने मला धाडले. तुरा सापडला; पण या राईतून काटकीही न्यायची तर देवाला कौल लावावा लागतो. गुरवाने मूर्तीला चिकटवलेली ओली पाकळी डावीकडे पडली, म्हणजे नकार. मी कायद्याची कलमे सांगू लागलो. "आवं वकीलसाहेब," गुरव म्हणाला, "ह्याच्या वरचं कोरट न्हाई. उद्या इचारू." फोनवर हे ऐकून नारायण क्षीण हसला. "बरं झालं. अजून पांढरा हाय न्हवं? कच्चा तोडला तर पिकत न्हाई. थांब."

मी थांबलो. दुसऱ्या दिवशी तुरा तपकिरी झाला, पाकळी उजवीकडे पडली, आणि वहिनींचा फोन आला.

तेराव्यानंतर तुरा घेऊन सांगलीस गेलो. महाविद्यालयाने त्याचा विभागच गुंडाळला आहे, सूक्ष्मदर्शक कुलपात. तो वापरू द्यावा असा अर्ज केला, तर अर्जदाराचा मृताशी संबंध काय, असे मला लेखी विचारण्यात आले! मी उत्तरे धाडली, स्मरणपत्रे धाडली. मालमत्तेला वारस असतो. माणसाच्या संशयाला वारस नेमण्याची तरतूद मला कोणत्याही कायद्यात सापडली नाही. आणि उद्या कुलूप उघडले, तरी जाळी कोणती आणि माझ्या मोतीबिंदूची धूसरता कोणती, हे सांगणारा कुठे आहे?

वहिनींनी त्याचे कपाट उघडले. जन्मभर जमवलेले तुरे त्याने रिकाम्या काडेपेट्यांत चिकटवून ठेवले आहेत. प्रत्येकीवर ठिकाण, झाड आणि प्रजाती, बारीक अक्षरात. मीही एका काडेपेटीत हा तुरा चिकटवला. ठिकाण लिहिले, झाड लिहिले.

"त्यांना वाटत होतं तेच नाव टाका ना, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या.

मी पेन प्रजातीच्या जागेपाशी नेले... मग ती जागा कोरीच ठेवून टोपण लावले.