सिस्टर आत्याची लोखंडाची फर्म

आमची सिस्टर आत्या माणूस ओळखायची तो त्याच्या आईवरून. वाटूरच्या दवाखान्यात तिने नर्स म्हणून उभी हयात काढली, आणि आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली. मिशाळ सरपंचालाही ती भर चौकात सांगायची, "पायाळू होतास तू. तुझ्या मायनं लई सोसलं." सरपंच बिचारा खाली बघून चहा प्यायचा.

दारात कोणी अनोळखी आला आणि "सिस्टर, मी तुमच्याच हातचा," म्हणाला, की उलटतपासणी सुरू. मजा अशी, की प्रश्न आत्याचे आणि उत्तरंही आत्याचीच. "कोणाचा रे? थांब, सांगू नको. मंठ्याच्या लीलाचा न्हाई का? नाक बराबर तिचंच हाय." समोरच्याने फक्त मान हलवायची. मग त्याला पोहे खाल्ल्याशिवाय सुटका नसे.

असाच एक 'लीलाचा पोरगा' आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. पेन्शनचं काम ऑनलाइन करून देतो म्हणाला. पॅन आणि आधारचे फोटो काढले, आत्याचा फोटो काढला. मोबाइलवर येणारे ओटीपी आत्याने चष्मा लावून, मोठ्याने वाचून दाखवले. पोहे खाऊन, पाया पडून पोरगा गेला.

पुढे काही महिन्यांनी मी सहज वाटूरला गेलो. दाराला भर दुपारी आतून कडी. उघडलं तर उंबऱ्याशी भरलेली पिशवी: दोन लुगडी, टॉवेल, बीपीच्या गोळ्या.

"कुठं निघालीस?"

"जेलात," आत्या म्हणाली.

उशीखालून तिने प्राप्तिकराची नोटीस काढली. आत्याच्या नावाने परराज्यात फर्म चालू होती. फर्मने कोट्यवधींचं लोखंड विकलं होतं, आणि ते उत्पन्न का दाखवलं नाही, असं साहेब विचारत होते. मला राहवलं नाही. खाली वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "शेठाणी, आम्हालाही फर्ममध्ये ठेवून घ्या."

ती हसली नाही. "जेलात पंखा असतो का रे?" तिने विचारलं. "आन् पेन्शन बंद केली, तर मी खाऊ काय?" कित्येक दिवस ती हे एकटीच घेऊन बसली होती. गावात कळू नये म्हणून तोंडातून ब्र काढला नव्हता. रस्त्यावर जीप वाजली की मोरीत जाऊन बसायची. अडलेल्या बाईपाशी रात्र रात्र ठाण मांडून बसणारी ही आत्या! ते ऐकून माझंही नाटक संपलं.

जालन्यातल्या कर सल्लागाराने प्राप्तिकराच्या साइटवर तिचं खातं उघडलं. पडद्यावर तिच्या पॅनखाली फर्मचा सगळा धंदा ओळीने उभा. "नोटीस खरी आहे, फर्म खोटी," तो म्हणाला. "उत्तराची मुदत अजून आहे. गप्प बसलात तर हे उत्पन्न तुमचंच धरतील." हे व्यवहार माझे नाहीत, असं त्याने तिथेच नोंदवलं, नोटिशीला उत्तर दिलं, जीएसटी कार्यालयाला फर्मची नोंदणी रद्द करायला लिहिलं. पासवर्ड बदलला, आधारवरचे बोटांचे ठसे लॉक केले. "आता झेरॉक्स द्याल तर कशासाठी दिली ते त्यावर आडवं लिहा. ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका." आणि आम्हाला पोलिसांकडे धाडलं.

तक्रार लिहून घेताना तिथला तरुण हवालदार नावापाशी थबकला आणि उठून उभा राहिला. "सिस्टर? अहो, मी तुमच्याच हातचा."

आत्याने पर्स पोटाशी धरली. "मायचं नाव सांग. मी सांगणार न्हाई."

त्याने सांगितलं. आत्या माझ्याकडे वळली. "हा खरं बोलून राह्यला का?" मला काय ठाऊक? तो पाया पडायला वाकला, तर तिने पाय मागे घेतले. पोरगा तसाच अवघडून उभा राहिला.

बऱ्याच हेलपाट्यांनंतर फर्म रद्द झाली, आत्यावरचा कर उठला. मी पेढे घेऊन गेलो. तिने पेढा हातातच ठेवला. "दुसरी तर न्हाई ना काढली कोणी?" तेव्हापासून दर महिन्याला तिचा फोन यायचा, "बघ बरं, मी काय इकलं का." मी खातं उघडून सांगायचो, "बिलकुल काही नाही." मग ती जेवायला बसायची.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. दहाव्याला सल्लागार भेटायला आला आणि हळूच म्हणाला, "शेवटचं विवरण भरून त्यांचं पॅन बंद करून टाका. गेलेल्या माणसाचंही वापरतात."

अर्जात कारण लिहायचं होतं. 'मृत्यू' असं लिहिलं आणि पेन धरून बसून राहिलो. स्मशानात मी सगळ्यांसमोर गळा काढून रडलो होतो, माझ्या स्वभावाप्रमाणे. इथे रडू येत नव्हतं. भीती वाटत होती, की हा कागद पोचायच्या आत कुठल्यातरी शहरात कोणी आत्याच्या नावाने शटर वर करील, तिथे ती जिवंत असेल, आणि आम्हाला पत्ताही नसेल.

पोस्टावर सोडलं नाही. स्वतः प्राप्तिकर कार्यालयात घेऊन गेलो, आणि पोच हातात पडेपर्यंत खिडकीपासून हललो नाही.