पडद्याकडे पाठ करून बसणाऱ्या अक्का

महानंदा हत्तुरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या. सोलापुरातल्या एका स्थानिक वाहिनीला मुलांच्या कार्यक्रमासाठी संकलक हवा आहे असं कळलं, म्हणून मी मोहोळहून आलो होतो. पूर्व भागातल्या समाजमंदिरात मुलं सतरंजीवर बसून नवा भाग बघत होती आणि या निर्मात्या बाई खुर्ची उलटी फिरवून मुलांची तोंडं बघत होत्या. भाग संपल्यावर मला म्हणाल्या, "विहिरीच्या सीनला पोरं सतरंजीचे दोरे उपटायला लागली. तो सीन काढायचा. काढता येतो?" मी लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीला बदामात बसवणारा माणूस. येतो म्हणालो. हीच माझी मुलाखत.

शिपायापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणतात. घरी कन्नड, शाळेत मराठी आणि शेजारच्या विणकरांकडून कामापुरती तेलुगू, एवढ्या भाषा त्यांच्या गाठीला. मंगळवेढ्यात बालवाडी चालवताना त्या चिंध्यांच्या बाहुल्या करून गोष्टी सांगत. त्याच बाहुल्या घेऊन त्या वाहिनीवर आल्या. त्यांच्या कार्यक्रमात मुलं 'हाय', 'न्हाय', 'लई' म्हणत आणि ते तसंच प्रक्षेपित होई. याबद्दल तक्रार घेऊन येणाऱ्या सद्गृहस्थांना अक्का आदरानं चहा पाजत आणि काहीही बदलत नसत.

एकदा माझी आई गावाहून आली. समाजमंदिरात आमच्या मंडळींत शिरायला ती बुजत होती, तर अक्कांनी तिला थेट मुलांच्या रांगेत नेऊन बसवलं आणि भाग संपल्यावर तिचं मत विचारलं. आई म्हणाली, "चांगलं हाय, पन बाहुली लई बडबडती की हो." बाहुलीची ती बडबड मी मोठ्या कौतुकानं ठेवली होती. अक्कांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. बडबड निघाली आणि आई गावभर सांगत राहिली की टीव्हीवाले तिचं ऐकतात.

पुढे मुंबईच्या एका मोठ्या वाहिनीनं अक्कांना बालविभागाचं प्रमुखपद दिलं. मलाही त्यांनी सोबत नेलं. तिथं वरिष्ठांनी मुलांची गाण्याची स्पर्धा आखली. दर आठवड्याला एक मूल हरणार, रडणार आणि बाहेर जाणार. मंजुरीची सही अक्कांची लागणार होती. सही न केल्यास पद जाणार, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगण्यात आलं होतं. अक्का एवढंच म्हणाल्या, "आधी माझ्या पोरांना दाखवू."

नमुन्याचा पहिला भाग घेऊन दोन अधिकारी सोलापूरला आले. अक्कांनी त्यांच्याही खुर्च्या उलट्या फिरवल्या. पडद्यावर एक मुलगी हरली, तिनं तोंड झाकून घेतलं, दिवे मंद झाले आणि ती निघून गेली. सतरंजीवरची एक चिमुरडी उठून उभी राहिली.

"ती घरी कुनासंगं गेली?"

"अगं, पुढं बघ ना कोण जिंकतंय!" एक अधिकारी हसून म्हणाले.

"व्हय, पन ती कुनासंगं गेली?"

त्यांना माहीत नव्हतं. आम्हालाही माहीत नव्हतं, कारण चित्रीकरणाच्या वेळी ते कुणी पाहिलंच नव्हतं. अक्कांनी सही केली नाही. दुसऱ्याच्या सहीनं कार्यक्रम आला आणि उत्तम चालला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अक्का राजीनामा देऊन सोलापूरला, जुन्याच वाहिनीत परतल्या. मीही आलो. त्या शांतपणे आल्या, मी तणतणत आलो.

तेव्हापासून त्यांनी एक शिस्त घातली. चित्रीकरण संपलं की अक्का स्टुडिओच्या दारात उभ्या राहत आणि प्रत्येक मुलाला विचारत, "घरी कुणासंगं?" काका, आजी, शेजारची ताई, कुणाचं तरी नाव कळल्याशिवाय आणि तो माणूस समोर दिसल्याशिवाय मूल हलत नसे. उशिरा येणाऱ्या पालकांना अक्का कन्नडमध्ये जे ऐकवत, ते या गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही.

या उन्हाळ्यात साठी पूर्ण झाली आणि अक्कांनी कामातून निवृत्ती घेतली. शेवटच्या चित्रीकरणानंतरही त्या नेहमीप्रमाणे दारात उभ्या होत्या. वैरागहून आलेली एक मुलगी शेवटी राहिली होती. अक्कांनी विचारलं, तर ती म्हणाली, "मामासंगं. आन् तुमी कुनासंगं जानार?"

अक्का एकट्या राहतात. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना आमच्यापैकी कुणीही विचारला नव्हता. त्या खांद्यावरची पिशवी उगाच सारखी करत राहिल्या. "आमच्यासंगं," मी म्हणालो. पोरगी अक्कांच्याच तालमीतली, नुसत्या शब्दावर थोडीच ऐकणार! आम्ही सगळे बाहेर येऊन अक्कांच्या शेजारी उभे राहिलो तेव्हाच ती मामाचा हात धरून गेली. मग आम्ही अक्कांना चालत घरापर्यंत सोडून आलो.

अक्कांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही माझ्यासह साऱ्या सहकाऱ्यांची मनापासूनची इच्छा. समाजमंदिरातली त्यांची खुर्ची आम्ही उलटीच ठेवली आहे. नवा भाग दाखवू तेव्हा त्यांनी यावं आणि पडद्याकडे पाठ करून बसावं. घरी सोडायला आम्ही आहोत.