चुन्यातला मका

भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. ओमानमधल्या बरक्याच्या मासळीबाजारात मी दिसलो की विक्रेते पहिला भाव सांगायलाच कचरतात. हे आधी सांगतो, कारण ज्या सौद्यात मी अडकलो तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा होता.

मस्कतच्या कुरुम भागात एका मेक्सिकन मॅडमच्या घरी मी सहा वर्षं स्वयंपाक केला. तिची आई तिकडच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. टाको, मक्याची भाकरी म्हणजे तॉर्तिया, केळीच्या पानात उकडलेले तमाल, हे सगळं आईने तिला शिकवलं आणि तिने मला. मका दळण्याआधी ती तो एका पांढऱ्या भुकटीच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवायची. त्याने साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो. नाहीतर भाकरी थापता थापता फाटते. भुकटी ती देशाहून आणायची. एकदा ती संपली आणि मॅडम हवालदिल झाली. मी डब्याच्या तळाला बोट लावून जिभेवर टेकवलं आणि मला हसूच आलं. चुना! माझे वडील तंबाखूला लावायचे तोच. त्या रात्री खोलीतल्या साथीदाराच्या पानाच्या डब्यातला चुना घेऊन मी मका भिजवला. दुसऱ्या दिवशी मॅडमने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. फरक तिलाही कळला नाही.

मॅडम ओमान सोडून गेली. मी एका ओमानी गृहस्थाला गाठलं. त्याच्याकडे परवाना होता, चाकांवरची टपरी होती, पण काय विकायचं ते ठरत नव्हतं. त्याच्या बैठकीत कावा, म्हणजे इकडची कॉफी, पीत मी दोन्ही हात पुढे केले. मालकाला इकडे अर्बाब म्हणतात.

"अर्बाब, हे मशीनमध्ये होत नाही. लिहून देता येत नाही. हे इथे आहे." मी तळवे दाखवले. "पगार नको. हिस्सा हवा."

त्याने माझे तळवे नीट बघितले, सोनाराकडे दागिना बघतात तसे. हिस्सा दिला. चुन्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. मका माबेल्यातल्या माझ्या खोलीवर भिजवायचा, धुवायचा, झाकून न्यायचा. चुना गावाहून येणाऱ्यांकडून पुड्यांत यायचा.

दर उन्हाळ्यात टपरी दक्षिणेला सलालाला जाते. मस्कत भाजून निघत असतं तेव्हा तिथे खरीफचा, म्हणजे पावसाचा, मोसम असतो, झिमझिम आणि हिरवे डोंगर. आखातातून माणसं गाड्या भरभरून येतात. बाकीच्यांना तिथे बरं वाटतं, मला नाही. रस्त्याच्या कडेला केळी, नारळ, ओली माती. सगळं माझ्या गावासारखं, आणि नेमकं गणपतीच्या तोंडावर.

आमच्या घरात गणपतीची पाळी तीन भावांत फिरते. ज्याची पाळी तो मूर्ती घरी आणतो, मूर्तीवर लाकडी माटवी बांधतो, पूजेला पाटावर बसतो. माझी मागची पाळी हुकली होती. थोरल्याने ती माझ्या नावाने केली आणि नंतर गावभर सांगितलं की आता दोन पाळ्या त्याच्याच. ते मी विसरलेलो नाही. या वर्षी पुन्हा माझी होती.

बायको फोनवर म्हणाली, "तुमची पाळी आसा, आणि तुमीच नाय? भावोजी आतापासून माटवेची लाकडा तासतत."

मी अर्बाबाकडे गेलो. दहा दिवस मागितले. तो माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडलो असतो.

"तूच म्हणालास ना, हात तुझा?" तो म्हणाला. "हात गेला तर टपरी काय विकेल? पाणी?"

"कांदा कापणाऱ्याला शिकवतो."

"लिहून देता येत नाही म्हणालास."

"शिकवता येतं, अर्बाब."

"मग शिकव. परवा सकाळी त्याने माझ्यासमोर भाकरी करून दाखवायची. जमली तर तू जा. यल्ला."

कांदा कापणारा म्हणजे आमचा बांगलादेशी सोबती, पन्नाशीचा, अबोल. मी त्याला मोरीशी नेलं, पुडी हातात दिली, प्रमाण सांगितलं. शपथ घातली की अर्बाबाला कळता कामा नये. त्याने पुडीचा वास घेतला आणि मान डोलावली. त्याच दिवशी मी तिकीट काढलं.

ठरलेल्या सकाळी त्याने भिजवलेला मका आणला. झाकण उघडल्याबरोबर मला कळलं. चुन्यातला मका पिवळाधमक होतो, साल बोटाने सुटते. हा फिकट होता आणि प्रत्येक दाण्याला साल घट्ट चिकटलेली. त्याने चुना घातलाच नव्हता.

अर्बाब समोर खुर्ची टाकून बसला होता. सोबत्याने दळलं, मळलं, गोळा थापला. भाकरी तव्यावर जायच्या आधीच चिरली. दुसरी चिरली. तिसरीचे त्याने स्वतःच तुकडे केले. माझं डोकं तापलं, शिवी ओठांवर आली. पण ओरडणार काय? 'याने चुना घातला नाही'? मग अर्बाब विचारणार, कसला चुना? आणि माझा हात, माझा हिस्सा, सगळं दोन चमचे पांढऱ्या भुकटीवर येणार. शिवी गिळून मी तुकडे गोळा केले आणि बादलीत टाकले.

अर्बाब उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला मनापासून आनंद झाला होता, ते मला अजून सलतं. "खलास. हात तुझाच. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

तो गेल्यावर मी सोबत्याची मानगूट धरली. "क्यों किया?"

त्याने मान सोडवूनही घेतली नाही. "भाई, मेरेको आ गया तो तुम जाएगा. फिर अर्बाब मेरेको पकड़ के रखेगा, मेरी ईद में मैं कैसे जाएगा?"

मी हात काढला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि अधिक सफाईने.

चतुर्थीला मी साठ तमाल उकडले. घरी त्या वेळी हळदीच्या पानात पातोळे उकडत असणार आणि थोरला पाटावर बसला असणार. बायकोचा फोन मी घेतला नाही.

सोबती ईदला गेला आणि परत आला. त्याने माझ्यासाठी त्याच्या गावचा चुना आणला, पत्र्याच्या गोल डबीत, मऊ आणि पांढराशुभ्र. मी तोंडावर म्हणालो, "नको मला." त्याने डबी ओट्यावर ठेवली आणि कांदे कापायला बसला.

डबी मी वापरतो. पीठ त्याने फार सुरेख होतं, ही खरी चीड.