पक्षी नसलेला फोटो

शिवदास गेल्याची बातमी आली तेव्हा मी साखरखेर्ड्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात बसून अजगराची गोष्ट सांगत होतो. माझा हा अजगर दर पावसाळ्यात हातभर वाढतो. सध्या तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावत नाही. दोन्ही हात फाकवून मी त्याच्या शेपटीपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. ऐकलं, फोन खाली ठेवला आणि म्हणालो, "शिवदास गेला." सगळे हसले. हॉटेलवाला म्हणाला, "कुठं गेला? अजगराच्या पोटात?" मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. शेवटी एकाने माझा चेहरा नीट पाहिला आणि शिवदासच्या घरी फोन लावला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या हातातले कप खाली आले... सख्ख्या मित्राचं मरणही माझ्या तोंडून कोणाला खरं वाटू नये, एवढं नाव मी पंचक्रोशीत कमावलं आहे.

शिवदासचा गावात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज यावर पोट चालायचं आणि पक्ष्यांवर जीव. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवामागच्या बाभळीवर भारद्वाज येऊन बसला. शिवदासने कॅमेरा तिकडे फिरवला तो अक्षता पडून गेल्या तरी इकडे वळला नाही. त्या अल्बमात नवरदेवापेक्षा भारद्वाजाचे फोटो जास्त आहेत, आणि त्यातला भारद्वाजच जास्त आनंदी दिसतो. आता हे थोडं वाढवून सांगितलं, कबूल. शिवदास जवळ असता तर लगेच म्हणाला असता, "कमी कर बे." हा त्याचा परिपाठच होता. मी गोष्ट सांगताना हात पसरले की तो मागून, मान खाली घालून लेन्स पुसत, हळूच म्हणायचा, "कमी कर." मी हात जरा जवळ आणायचो. "अजून कमी." मी अजगराची धामण करून टाकली की मगच त्याचं समाधान व्हायचं. मी मोठं करायचं, त्यानं छाटायचं. आमची दोस्ती अशीच चालली.

गावाबाहेर ई-क्लासचा, म्हणजे सरकारी चराईचा, माळ आहे. एका पावसाळ्यात गवत मांडीला लागत असताना आम्ही दोघं तिथे फिरत होतो. पुढे चालणारा शिवदास एकदम थांबला आणि मागे न पाहता त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला. पाच पावलांवर, दाबलेल्या गवतात, एक मातकट रंगाची पक्षीण बसली होती. तणमोराची मादी. म्हाताऱ्या माणसांनी लहानपणी पाहिलेला पक्षी, आमच्या भागातून कधीचाच गेलेला. आणि ती अंड्यांवर बसलेली. तिचा डोळा आमच्यावर होता, पण ती हलली नाही. आम्हीही नाही.

मी कुजबुजलो, "काढ ना फोटो! गळ्यात तोफ कायले लटकोली मंग?"

"घरट्यावर नाही काढत." हा त्याचा नेम होता.

"अबे, हे पुन्हा दिसंन का जन्मात?"

"हललो तं उठंन ते. उठली तं अंडे गेले. अन् फोटो लोकायनं पाह्यला तं उद्या इथं जत्रा भरते." मी खिशातला मोबाइल काढायला गेलो, तर त्यानं माझं मनगट धरलं. आल्या पावली, एकेक पाय उचलून, आम्ही मागे सरकलो.

पिल्लं निघून गेल्याची खात्री झाल्यावरच त्यानं जिल्ह्यातल्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर ही नोंद टाकली. फोटो आहे का, विचारलं. नाही. मग सोबत कोणी होतं का? शिवदासने सरळ माझं नाव लिहिलं. त्यानंतर ग्रुपवर जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. "बाळूभाऊ साक्षीला म्हणजे तणमोर उंटाएवढा असंल." "त्यायनं अंड्याचं आमलेट गावभर वाटलं नाही का?" नोंद काही घेतली गेली नाही. त्या रिकाम्या घरट्याच्या जागेचा शिवदासने एक फोटो काढला, नुसतं दबलेलं गवत, आणि फ्रेम करून स्टुडिओत टांगला. गिऱ्हाईक विचारायचं, "याच्यात पक्षी कुठाय?" तो म्हणायचा, "होता."

पुढे दर पावसाळ्यात तो माळावरच्या हिवराच्या झाडाखाली कॅमेरा घेऊन बसायचा. तणमोराचा नर मादीला भुलवायला गवतावर उड्या मारतो, तेवढा एक फोटो मिळाला तरी पुरे, म्हणायचा. माळ सोयाबीनखाली जात जात अर्धा झाला. पक्षी आला नाही. आणि आता शिवदासही गेला, झोपेत, कोणाला न उठवता.

एक गोष्ट मी हॉटेलात सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. तेरवीनंतर एका दुपारी मी त्या हिवराखाली जाऊन बसलो. वारा नव्हता. मागे, अगदी कानाशी, कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज झाला... खट्. वळून पाहिलं, कोणी नाही. एखादी वाळकी शेंग तडकली असेल. अशी गोष्ट मी एरवी महिनाभर पुरवली असती. हिला मात्र मी काही जोडत नाही. भीती वाटते.

मागच्या आठवड्यात शिवदासच्या बायकोनं, वहिनींनी, स्टुडिओ आवरायला बोलावलं. भिंतीवरचे फोटो उतरवता उतरवता त्या गवताच्या फोटोपाशी थांबल्या.

"भाऊजी, एक ईचारू? खोटं नोका बोलू."

"ईचारा."

"हे पाखरू खरंच होतं का? त्यायले मी कधी ईचारलं नाही. ईचारलं असतं तं त्यायले वाटलं असतं, हिले बी खोटं वाटते." मग पदरानं काच पुसत म्हणाल्या, "लोकं हासत, तवा एक डाव मी बी हासली होती. त्यायनं पाह्यलं होतं."

ज्यानं खरं सांगितलं तो उरला नव्हता. उरलो होतो मी.

"होती," मी म्हणालो. "मादी होती."

"केवढी?"

माझे हात सवयीनं उठले आणि पसरले, चांगले अजगराएवढे. स्टुडिओत कोणी बोललं नाही. पंखाही बंद होता. पण माझ्या मागून, तो लेन्स पुसायचा तिकडून, मला स्पष्ट ऐकू आलं. कमी कर. मी हात जवळ आणले. अजून कमी... मी अजून जवळ आणले. शेवटी माझ्या दोन तळव्यांमध्ये एका कोंबडीपुरती जागा राहिली.

"एवढीशीच?" वहिनी म्हणाल्या.

"एवढीच."

त्या बराच वेळ माझ्या हातांमधल्या त्या जागेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी फ्रेम उचलली आणि परत त्याच खिळ्याला टांगली. मी हात खाली घेतले नाहीत. हललो असतो तर ती उठली असती.