निष्कर्ष आधी, कचरा नंतर

नववीच्या मुलांकडून रिसर्च पेपर लिहून घ्यायचे असं आमच्या नेरूळच्या शाळेने ठरवलं आणि ती धोंड माझ्या गळ्यात बांधली. तेव्हापासून माझं बीपी वाढलं आहे. डॉक्टर म्हणतात वयामुळे, पण त्यांनी मुलांचे पेपर वाचलेले नाहीत.

पहिल्या खेपेला जे काही आलं, त्याच्या मुखपृष्ठांवर चमकी होती. ऋणनिर्देशात देव, आईबाबा, मुख्याध्यापिका, शेजारच्या काकू, सगळ्यांचे आभार. संदर्भांच्या पानावर एकच शब्द, 'गुगल'. काहींनी मोबाइललाच पेपर लिहायला सांगितला होता. नेरूळच्या डासांवर लिहिणाऱ्या एकाने बर्फ वितळल्यावर डास वाढतात असं ठोकून दिलं होतं. मी त्याला विचारलं, "बर्फ कुठे बघितलास रे?" तर म्हणाला, "फ्रीजमध्ये."

हे एक वेळ परवडलं. माझं डोकं खरं फिरायचं ते दुसऱ्याच गोष्टीने. ही मुलं निष्कर्ष आधी लिहीत. त्यांना प्रयोगशाळेतली सवय. गाइडमधलं उत्तर बघायचं आणि रीडिंग मागून जुळवायची. बाजारात तुरी म्हणतात तसला प्रकार. आणि शेवटी 'मर्यादा' नावाचं जे पान असतं, त्यावर सगळ्यांचं एकच वाक्य, "वेळेअभावी संशोधन मर्यादित राहिले." मी घसा फोडून सांगायची, "वेळेचं रडगाणं नकोय मला. तुमच्यावर विश्वास ठेवण्याआधी वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काय माहीत असायला हवं, ते तिथे लिहायचं." मुलं माना हलवायची. माना हलवण्यात आमची मुलं पटाईत आहेत.

त्यांच्यातलीच एक मुलगी एका दुपारी रडवेली होऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. विषय तिने स्वतःच निवडला होता, आपल्या सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा करायची मोहीम. या मोहिमेसाठी सोसायटीला बक्षीस मिळालं होतं आणि गेटवर त्याचा मोठा बोर्ड लावलेला होता. निष्कर्ष अर्थातच आधी लिहून तयार, 'मोहीम पूर्णपणे यशस्वी.' फक्त मी मागेच लागले म्हणून ती रोज शाळेआधी कचऱ्याच्या खोलीपाशी उभी राहून कोण काय टाकतं ते बघत होती.

"मॅडम, माझा प्रोजेक्ट फेल गेला," ती म्हणाली. "उत्तर जुळतच नाहीये. सगळे एकाच पिशवीत आणतात आणि जो डबा जवळ असेल त्यात टाकतात."

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. वर्षभराच्या ओरडण्यातून एक तरी दाणा रुजला होता! मी तिला समजावलं की हाच खरा प्रोजेक्ट, आता निष्कर्ष खोडायचा आणि बघितलंस ते लिहायचं. ती हरखून गेली. शाळेच्या सादरीकरणासाठी मी तिचाच पेपर पहिला निवडला.

दोनच दिवसांनी तिचे वडील आले. साताऱ्याकडचे, मार्केटमध्ये कांदा-बटाट्याचा व्यापार आणि त्या सोसायटीचे सेक्रेटरी. बोर्डही त्यांनीच लावलेला.

"मॅडम, हे शिकवताय व्हय पोरीला? आपल्याच सोसायटीची अब्रू काढायला?"

"तिने जे बघितलं तेच लिहिलंय."

"बघितलं म्हणून सगळंच लिहायचं असतंय का? उद्या लोक मला तोंडावर विचारतील. आमी काय उत्तर द्यायचं?"

मी त्यांना संशोधन म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. जाताना मात्र अदबीने नमस्कार करून गेले, त्याने मी जास्तच भडकले.

पुढच्या सोमवारी मुलीने नवा पेपर आणला. कोण काय टाकतं त्याचा तक्ता गायब, निष्कर्ष पुन्हा 'मोहीम पूर्णपणे यशस्वी.'

"हे बघितलंस तू?"

"नाही, मॅडम." मग खाली बघून म्हणाली, "पण मला त्याच घरी राहायचंय ना."

ते खरं होतं, म्हणून माझा पारा आणखी चढला. "दे तसंच," मी म्हटलं. ती म्हणाली की मर्यादांचं पान अजून लिहायचं आहे. "लिही वेळेअभावी," मी फिस्कारले. "सगळे तेच लिहितात."

सादरीकरणाला वडील इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते, हातात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. मी मुद्दाम मागे उभी राहिले. मुलीने निष्कर्ष वाचला तेव्हा त्यांनी शेजारच्या पालकांकडे बघून मान डोलावली. मग तिने पान उलटलं.

"या संशोधनाच्या मर्यादा. संशोधक ही सोसायटीच्या सेक्रेटरींची मुलगी आहे. संशोधकाच्या स्वतःच्या घरी ओला आणि सुका कचरा एकाच पिशवीत जातो. संशोधकाने कचऱ्याच्या खोलीपाशी उभे राहून जे पाहिले, ते निष्कर्षाशी जुळत नव्हते. निष्कर्ष बदलण्यास वडिलांनी सांगितले. तरी वाचकांनी निष्कर्ष त्या बेताने वाचावा."

वडिलांचा मोबाइल हळूहळू मांडीवर आला. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मला रडू येत होतं. अख्ख्या वर्षात ते पान एका तरी मुलीने वाचणाऱ्यासाठी लिहिलं होतं, आणि आता तिला त्या माणसाबरोबर घरी जायचं होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी धावतच गेटपाशी गेले. वडील मुलीला घेऊन स्कूटरजवळ उभे होते. मला बघून म्हणाले, "हे तुमीच शिकवलं ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी स्कूटरला किल्ली लावली. मग मुलीला म्हणाले, "छापायला देशील तवा एक बदल कर. 'वडिलांनी सांगितले' काढ. 'सुचवले' लिही."

मुलीने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"पण पप्पा, तुम्ही सांगितलंच होतं."

त्यांनी डिकी उघडली, तिचं हेल्मेट काढलं आणि तिच्या हातात दिलं. "मग ऱ्हाऊ दे तसंच," ते म्हणाले. "बस."