एका दमात उपटलेली बेशरम

...तर कुंपण हिरवं झालं, इथवर सांगून काल मी जेवायला उठलो होतो. खोटं नाही बाप्पा! डिंपलच्या कबड्डीच्या मैदानाचं कुंपण खरंच हिरवंगार झालं. वर जांभळी फुलंसुद्धा!

डिंपल म्हणजे आमच्या चुन्नीलालची सून. लग्नाआधी तालुक्याकडून कबड्डी खेळलेली. आता ती गावतलावात शिंगाडा लावते आणि अर्जुनी मोरगावच्या बाजारात विकते. "बिना दवाईचा शिंगाडा!" ही तिची आरोळी. पण तलावात बेशरम माजली. पोकळ दांड्याची ती झुडपं कापली तरी पुन्हा फुटतात, नाव काही उगीच पडलं नाही. गेल्या उन्हाळ्यात डिंपलनं बायांना घेऊन ती कोयत्यानं कापली. दांडे वाया कायले घालवायचे, म्हणून मैदानाला कुंपण केलं. पावसाळ्यात तलावातले बुडखे फुटले आणि कुंपणही फुटलं!

गावातल्या टवाळ उदारामला तर हसू आवरेना. "काय वं डिंपल, आता कुंपणच वीक बाजारात!"

मग यंदा उन्हाळा लागताच शिंगाड्याचा व्यापारी हेमेंद्र आला. "भाभी, दवाई मार देता हूँ. एका दिवसात सफाचट." गाव कंटाळलेलंच होतं. सभेत ठरलं, मृग लागायच्या आत तलाव साफ झाला नाही तर फवारणी. म्हणजे डिंपलची आरोळी खोटी, आणि धंदाही बुडाला.

पण ही पोरगी रडणारी नव्हे! तिनं बायांचे दोन संघ पाडले. प्रत्येक संघातल्या एकीनं पहारीनं बूड ढिलं करायचं, दुसरीनं "कबड्डी कबड्डी" म्हणत चिखलात शिरायचं आणि दम तुटायच्या आत झुडूप मुळासकट उपटून आणायचं. आलं तर पॉइंट! उपटलेलं सगळं दूर मुरमाड टेकाडावर वाळत. अहो, श्रमदानाला बोलावलं की ज्यांची कंबर धरायची, त्या सुलोचनाबाई पदर खोचून पंचाशी भांडायला लागल्या! पंच कोण? उदाराम!

शेवटी दलदलीचा एक कोपरा उरला. मृग उद्यावर आलेला. बायांचे हात सोललेले. हेमेंद्र पंप पाठीला लावून काठावर उभा. "इतनाच तो कोना है, भाभी. मार दूँ?"

सुलोचनाबाईही म्हणाल्या, "मारू दे वं. आता नाही होत."

कबड्डी कबड्डी करत डिंपल सरळ कमरेइतक्या चिखलात शिरली. बूड हलेना. आवाज बारीक होत चालला. तेवढ्यात समोरच्या संघाची रुख्मा धावली आणि तिनं मागून डिंपलची कंबर धरली. "अगे, पकडून काऊन राहिली?" उदाराम ओरडला. पकडत कुठं होती, ती ओढत होती! रुख्माच्या कमरेला सुलोचनाबाई, त्यांच्या मागं बाकीच्या. एकच हिसका, आणि बुडखा बाहेर, अख्खी रांग चिखलात उताणी, हेमेंद्रची पांढरी पँट काळी! मी तर काठी टाकून टाळ्या पिटल्या. उरलेली झुडपंही मग तशीच निघाली. दिवस मावळायच्या आत कोपरा मोकळा झाला.

डिंपल चिखल निथळत वर आली तेव्हा मी विचारलं, "काऊन वं बाई, इतक्याशा कोपऱ्यात दवाई मारली असती तर काय बिघडलं असतं?"

ती म्हणाली, "आबाजी, कोपऱ्यातलं पाणी कोपऱ्यातच बसून राहते का? तुमची म्हैस कोणत्या कोपऱ्यात डुंबते, थे सांगा आधी!"